ड्युटी सांभाळून पीजी करायचंय? आधी हे वाचा

नर्सिंग, फिजिओ, लॅबवाल्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण पुण्यात वॉर्डात दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंच की ताई, नोकरी न सोडता पुढचं शिकता येईल का. येतं, पण काय शिकायचं ते नीट बघा. एमएस्सी नर्सिंग घरबसल्या होत नाही, ते २ वर्षांचं रेग्युलरच असतं, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नर्सिंग आणि फिजिओथेरपीला डिस्टन्स किंवा ऑनलाइन मान्यताच देत नाही, म्हणून "घरबसल्या एमएस्सी नर्सिंग" असं कोणी फोनवर सांगितलं तर एक रुपयाही भरू नका गं!

मॅनेजमेंटकडे जायचं असेल तर रस्ता मोकळा आहे, इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) हॉस्पिटल मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा बघा, पुण्यात त्यांचं रिजनल सेंटर पण आहे. पण कुठलाही कोर्स असो, फी भरायच्या आधी यूजीसीच्या डेब (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो) साइटवर त्या युनिव्हर्सिटीचं आणि त्याच कोर्सचं नाव चालू सेशनच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा, एजंटच्या पीडीएफवर जाऊ नका.

आता वेळेचं. इग्नूच्या परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरला असतात, मग मेट्रनना (नर्सिंगच्या प्रमुखांना) दोन महिने आधीच लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं रोस्टर बनवताना कोणाच्या लक्षात राहत नाही. नाइटवरून आल्यावर पुस्तक उघडूच नका, झोपा. मी असाइनमेंट वीकली ऑफला सकाळी, पोरं उठायच्या आधी, चहाचा कप बाजूला ठेवून हातानेच लिहायचे, दर वेळी दोन पानं, बास.