चक्की, हडंबा, वेल्डिंग : मालकाने स्वतःच्या अपघाताचा विमा कसा घ्यावा

पिठाची चक्की, वेल्डिंगचे दुकान किंवा सोयाबीनच्या हंगामात गावोगाव फिरणारा हडंबा (मळणी यंत्र) चालवणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली कामावरील अपघाताची नुकसानभरपाई मजुरासाठी आहे आणि ती देण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र कुटार (भुसा) तुंबले म्हणून चालत्या हडंब्यात मालकानेच हात घातला आणि तो अडकला, तर त्याला भरपाई देणारे कोणी नसते. धंद्यातले भागीदारही मालकच ठरतात. त्यामुळे हे संरक्षण स्वतःहून विकत घ्यावे लागते.

सुरुवात बँकेतून करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख मिळतात. वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून मे महिन्यात खात्यात शिल्लक ठेवावी. नावावर सातबारा असेल, तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचाही आधार आहे. त्यासाठी अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावा.

खरी उणीव पुढे आहे. चक्कीच्या पट्ट्यात दोन बोटे गेली, पण हात कामाचा राहिला, तर त्या २० रुपयांच्या विम्यातून काहीच मिळत नाही. आणि हात प्लास्टरमध्ये असताना दोन महिने बंद राहिलेल्या चक्कीचे पैसेही मिळत नाहीत. त्यासाठी विमा कंपनीची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी आणि तिच्यात बोटांसारख्या अंशतः अपंगत्वाचा तक्ता (कोणत्या इजेला किती रक्कम) व तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा, म्हणजे काही काळ काम पूर्ण बंद पडल्यास मिळणारा, साप्ताहिक भत्ता आहे की नाही, हे कागदावर पाहावे. बऱ्याच पॉलिसींत हा भत्ता विमा रकमेच्या १ टक्का असतो, म्हणजे ५ लाखांवर आठवड्याला ५ हजार. पण त्याला आठवड्यांची आणि उत्पन्नाची मर्यादा असते. म्हणून प्राप्तिकराचे विवरणपत्र किंवा धंद्याचे बँक खाते नीट ठेवावे. हप्ता कमी बसावा म्हणून एजंटाने अर्जात ‘किराणा दुकान’ लिहिले, तर ते खोडून ‘वेल्डिंग’ लिहायला लावावे. चार पैसे वाचवणारी ही हुशारी दाव्याच्या वेळी अंगलट येते.

अपघात झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात नोंद करावी आणि केसपेपरवर कारण स्पष्ट लिहून घ्यावे. सर्पदंशात तर हीच नोंद मुख्य पुरावा असते. मृत्यू झाल्यास पोलिसांची नोंद व शवविच्छेदन अहवाल, तर अपंगत्व आल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते. बँकेला ३० दिवसांच्या आत कळवावे. पासबुकात २० रुपये वजा झाल्याची ओळ पेनाने अधोरेखित करून ती वारसदाराला आजच दाखवून ठेवावी.