लिहिलं की कॉइन देणारं प्लॅटफॉर्म काढायचंय? मग आधी स्टीमचा हिशोब बघा

टोकन वाटणं सोपं असतं हो, ते छापायला काय लागतंय. पण लेखकाने मिळालेलं टोकन विकायला काढलं की समोर घेणारा कोण, आणि तो ते कशाला घेतोय, हे आधी कागदावर लिहून काढा. "भाव वाढेल म्हणून घेतोय" एवढंच उत्तर येत असेल तर पुढचं काही करू नका, कारण मग नवा आलेला जुन्याचे पैसे भरतोय, बाकी काही नाही.

स्टीमिटचंच घ्या, लिहिलं की स्टीम नावाचं टोकन देणारी साइट, पोस्टला कोणाची किती मतं पडली यावर पैसे ठरायचे. २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमरनी सुरू केलं, ४ जुलैला पहिल्यांदा पैसे वाटले आणि त्याच महिन्यात स्टीम ४ डॉलरच्या आसपास गेला. लोक वेडे झाले, एकेका पोस्टवर हजारो डॉलरचे आकडे दिसायला लागले, आणि मग काही महिन्यांतच भाव सेंटांवर आला. कारण साधं होतं, पुरवठा वर्षाला जवळपास दुप्पट होत होता. डिसेंबर २०१६ च्या हार्डफोर्कमध्ये (म्हणजे ब्लॉकचेनचे नियम बदलणाऱ्या अपडेटमध्ये) तो ९.५ टक्क्यांवर आणला आणि दरवर्षी साधारण अर्धा टक्का कमी होत जाईल असं ठरवलं. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा, नंतर केलं तर तोपर्यंत विश्वास गेलेला असतो.

मग लॉकिंग. स्टीममध्ये पॉवर अप केलेलं, म्हणजे मताचं वजन वाढवायला लॉक केलेलं टोकन, परत काढायला आधी १०४ आठवडे लागायचे, ते नंतर १३ केले. माझ्या मते १३ बरोबर आहे, दोन वर्षं पैसे अडकवायला कोण येतंय! पण लॉक म्हणजे विक्री फक्त पुढे ढकलली, थांबली नाही. थांबवायची तर टोकन खर्च करायची जागा पाहिजे, म्हणजे जाहिरात, पोस्ट वर आणायची फी, वाचकांची मेंबरशिप, काहीही. स्टीमिटवर पोस्ट प्रमोट करायला टोकन नल नावाच्या खात्यात पाठवायचे आणि ते कायमचे जळायचे. आयडिया झकास होती, पण प्रमोट केलेल्या पोस्टच्या पानावर फिरकायचं कोण? जाहिरात वाचकांना दिसली तर जाहिरातदार पैसे देणार ना. त्यामुळे आधी बाहेरचा वाचक आणा, म्हणजे गूगलवरून येऊन फुकट वाचून जाणारा, खातं न काढणारा. लेखकच एकमेकांना वाचत बसले तर बाहेरून एक रुपया येत नाही.

मतांचा बाजार तर होणारच, धरूनच चला. स्टीमवर बिड बॉट नावाचे आपोआप मत देणारे प्रोग्रॅम होते, त्यांना पैसे दिले की तुमच्या पोस्टला मत, मग पोस्टमध्ये काही का असेना. २०१९ मध्ये लेखक आणि मत देणारा यांचा वाटा ५०-५० केला आणि रोज थोडे डाऊनव्होट (पोस्टची कमाई कमी करणारी मतं) फुकट दिले, त्याने बॉटचा धंदा बसला, पण डाऊनव्होटवरून भांडणं सुरू झाली ती वेगळीच 😅 तरी बॉटपेक्षा भांडणं परवडली असं मला वाटतं.

डॉलरला बांधलेलं दुसरं टोकन ठेवणार असाल तर दोन्ही बाजूचं कन्व्हर्जन ठेवा. स्टीमचं असं टोकन म्हणजे एसबीडी, तो एक डॉलरचा असायला हवा होता, डिसेंबर २०१७ मध्ये तो १० डॉलरच्या वर गेला, कारण स्टीम देऊन नवा एसबीडी बनवायची सोयच नव्हती. स्टीममधून फुटून निघालेल्या हाइव्ह या चेनने ती २०२१ मध्ये केली.

आणि कंपनीकडे मोठा साठा ठेवू नका, ठेवलाच तर त्याला मताचा अधिकार नको. २०२० मध्ये जस्टिन सन या क्रिप्टो उद्योजकाने स्टीमिट विकत घेतलं, त्यातून चेन कोणाच्या ताब्यात यावरून राडा झाला आणि २० मार्चला लोक फोर्क करून, म्हणजे चेनची वेगळी प्रत काढून, हाइव्हवर निघून गेले, कंपनीचा साठा मागे ठेवून.

मराठी लेखक घेणार असाल तर टॅक्स विसरू नका. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३०%, जुलैपासून १% टीडीएस, आणि तोटा दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही. रोज वीस-वीस रुपये टाकलेत तर प्रत्येकाचा त्या दिवशीचा भाव लिहून ठेवता ठेवता लेखक लिहायचंच सोडेल, त्यापेक्षा महिन्यातून एकदा द्या आणि सोबत रुपयातल्या भावाची फाईल डाऊनलोड करायची सोय ठेवा.