साहित्य संमेलनात लेखकमित्र कसे जोडावेत?

संमेलनाला जायचं ठरलं की आधी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवा. कार्यक्रम ऐकायला बहुधा कुणीही येऊ शकतं, पण राहण्या-जेवणाची सोय सहसा प्रतिनिधींची होते, आणि खऱ्या ओळखी मुक्कामातच होतात. नागपूरकरांना दर वेळी लांब जावं लागतं असंही नाही. अखिल भारतीय संमेलन २००७ साली नागपुरात, तर २०२३ साली वर्ध्याला भरलं होतं. मोठ्या मांडवाची धास्ती वाटत असेल, तर आधी झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बसा.

कविता वाचायची असेल, तर कविकट्ट्याची नोंदणी कशी आणि कधीपर्यंत ते आधीच विचारून घ्या.

पत्रिका हातात आली की सगळंच ऐकायचा हट्ट सोडा. उद्घाटनाची भाषणं लांबतात, त्याला इलाज नाही. आपल्या विषयाचा एखादा परिसंवाद निवडा आणि बाकीचा वेळ ग्रंथप्रदर्शनात नि कविकट्ट्यावर घालवा. कट्ट्यावर आपला नंबर यायची वाट बघत, घडी घातलेला कागद पुन्हा पुन्हा उलगडणारी माणसं बसलेली असतात. तुमचे भावी मित्र यांच्यातलेच. मंचावरून उतरलेल्या नामवंतांभोवती सेल्फीची झुंबड असते. तिथे ताटकळण्यापेक्षा शेजारच्या खुर्चीकडे वळा.

बोलायची सुरुवात सोपी आहे. ‘काय लिहून राहिले सध्या?’ एवढं विचारलं तरी पुरतं. मग ऐका. पहिल्या पाच मिनिटांत आपला संग्रह काढून सही करून देऊ नका. असा फुकट मिळालेला संग्रह बहुतेक वेळा पिशवीच्या तळाशी जातो. त्यापेक्षा समोरच्याचं पुस्तक स्टॉलवर असेल तर विकत घ्या. त्याची कविता ऐकली असेल तर नेमकी कुठली ओळ आवडली ते सांगा, आणि पत्रिकेच्या कोऱ्या जागेत नाव, गाव, फोन लिहून घ्या. जेवणाच्या रांगेत ओळखीच्यांचाच घोळका धरून उभं राहू नका. गडचिरोली-बुलढाण्याकडून आलेलं कुणी तिथेच भेटतं.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत मेसेज करा. ‘भेटून आनंद झाला’ एवढ्यावर थांबू नका, ‘तुमची कथा पाठवाल का?’ असं विचारा. कथा आली तर वाचून मोकळेपणानं कळवा, कुठे अडखळलात तेही. नागपुरातलेच तिघं-चौघं जमले, तर महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी नुसतं ‘छान’ म्हणून सुटायचं नाही, एवढा नियम पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.