निसर्ग उलगडून सांगताना या चुका टाळा

नव्या निसर्ग मार्गदर्शकाची तयारी सहसा चांगली असते. नावं तोंडपाठ, फोटो सुरेख, आवाज खणखणीत. तरी एका गटापुढे रंगलेलं बोलणं दुसऱ्या गटापुढे पडतं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: श्रोते बदलले म्हणून माहिती कमी-जास्त केलेली असते, पण सांगण्याची वाट तीच ठेवलेली असते.

विषय असतो, म्हणणं नसतं

‘फुलपाखरं’ हा नुसता विषय झाला. ‘फुलपाखरू टिकवायचं तर आधी त्याच्या अळीचं झाड टिकवावं लागतं’ हे म्हणणं झालं. तयारीला बसताना एक पूर्ण वाक्य कागदावर लिहा. ते जमत नसेल तर माहिती गोळा करणं थांबवा आणि आधी ते वाक्य शोधा. वीस मिनिटांच्या बोलण्यात त्या वाक्याला आधार देणारे तीन मुद्दे पुरतात, फार तर चार. पाचवा कितीही आवडता असला तरी पुढच्या वेळेसाठी ठेवा, कारण तो घुसवला की आधीचे दोन पुसले जातात.

मुलांना मोठ्यांचंच, थोडं पातळ करून

ही सर्वांत जास्त होणारी चूक. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी काम करणाऱ्या फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये या कामाची सहा तत्त्वं मांडली. त्यातलं शेवटचं नेमकं याच चुकीवर बोट ठेवतं: मुलांसाठीचं सादरीकरण म्हणजे मोठ्यांच्या सादरीकरणाची सौम्य आवृत्ती नव्हे, त्याची पद्धतच मुळातून वेगळी हवी. आमच्या मते हे फक्त मुलांना नाही, प्रत्येक गटाला लागू आहे.

एक पान घेऊन बघा. नागअळी लागलेलं पान, म्हणजे ज्यावर वेडीवाकडी पांढुरकी रेघ असते ते. अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधला हिरवा भाग खात पुढे सरकते, आणि खाल्लेली वाट बाहेरून रेघेसारखी दिसते.

मुलांचा गट असेल तर नाव सांगूच नका. पान हातात द्या आणि विचारा, ‘ही रेघ सुरू कुठे झाली? बोटाने दाखव.’ रेघ एका टोकाला दोऱ्याइतकी बारीक असते, दुसऱ्या टोकाला रुंद. बारीक टोकाशी अळी नुकतीच अंड्यातून निघाली होती, खात खात वाढली म्हणून वाट रुंदावली, हे थोड्या वेळात कुणीतरी स्वतःच ओळखतं. मग पान उजेडासमोर धरायला सांगा. वाटेत काळपट ठिपके किंवा रेषा दिसते, ती अळीची विष्ठा. ‘शी!’ असा एकच गलका होईल. होऊ द्या. आठ वर्षांखालची मुलं असतील तर इथेच थांबा. तीन-चार मिनिटं झाली असतील आणि तेवढी पुरेत.

शेतकऱ्यांपुढे तेच पान ‘बघा किती सुंदर’ म्हणून धरलंत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. त्यांच्यासाठी ती कीड आहे. कोणत्या पिकावर येते, कधी वाढते, हे आधी त्यांनाच विचारा आणि खरोखर ऐका. मग या अळ्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाश्यांकडे वळा. सरसकट कीटकनाशक फवारलं की त्या माश्या मरतात, पानाच्या आत लपलेल्या कित्येक अळ्या मात्र वाचतात, आणि कीड पुन्हा उसळते. हे त्यांच्या कामाचं आहे, म्हणून ते ऐकलं जातं.

अभ्यासकांच्या गटात ‘नागअळी’ एवढंच म्हणून भागत नाही. पान पोखरणाऱ्या अळ्या माश्या, पतंग, भुंगेरे आणि गांधीलमाश्यांचा गट अशा कीटकांच्या चारही गणांत (मोठ्या गटांत) आहेत. झाड कोणतं, वाट लांब की फुगवट्यासारखी, विष्ठा मधोमध की कडेने, यावरून ओळखीकडे जाता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत ठेवा. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून पान जवळ आणायचं असतं. बरेच जण भिंग पानाजवळ धरून लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणून परत देतात. हे आधी दाखवून द्या.

मुलं आणि मोठे एकत्र असतील तर सुरुवात मुलांच्या कृतीने करा. ‘आता अशी रेघ असलेलं दुसरं पान शोधा, तोडू नका’ म्हणून त्यांना कामाला लावा, आणि तेवढ्या वेळात मोठ्यांशी दोन वाक्यं खोलात बोला.

उभं राहायची जागा चुकते

पायवाटेवर मार्गदर्शक पुढे, गट रांगेत मागे. वस्तूपाशी थांबून बोलायला लागलं की पहिल्या पाच जणांनाच ऐकू येतं. वस्तू ओलांडून अर्ध्या रांगेइतकं पुढे जा, रांग थांबवा आणि मागे वस्तूपाशी या, म्हणजे तुम्ही मधोमध असाल. शेवटचा माणूस पोचेपर्यंत विषय सुरू करू नका. सावकाश चालणारे शेवटी येतात आणि ते पोचले की पुढचे निघतात, त्यामुळे विश्रांती त्यांनाच मिळत नाही. ऊन तुमच्या डोळ्यांवर येऊ द्या, त्यांच्या नाही. लहान मुलं किंवा चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती असेल तर वस्तू त्यांच्या नजरेच्या उंचीवर आणा किंवा स्वतः खाली बसा.

ऐकू आलं असेल असं गृहीत धरणं

वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बारीक किडे आणि काही लहान पक्ष्यांचे आवाज नेमके त्याच पट्टीतले. ‘ऐकलंत ना?’ म्हटल्यावर ज्येष्ठ मंडळी संकोचाने मान डोलावतात. त्यांच्यासाठी घुबड, पारवा असे खालच्या पट्टीतले आवाज निवडा.

कर्णबधिर श्रोत्यांसोबत सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर तो तुमच्या शेजारी उभा हवा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: दुभाष्याकडे आणि पक्ष्याकडे एकाच वेळी पाहता येत नाही. आधी बोला, थांबा, मग दाखवा. अंध श्रोत्यांना ‘तिकडे बघा’च्या जागी ‘घड्याळातल्या दोनच्या दिशेला, दहा पावलांवर’ असं सांगा, आणि हाताला लागेल असं काहीतरी द्या: साल, बी, खरखरीत पान. काटे आणि खाजरी झाडं आधी तपासून घ्या.

प्रश्न विचारून लगेच उत्तर देणं

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबत. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. तीन सेकंद बोलणाऱ्याला फार वाटतात, म्हणून मनात मोजा. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि गट गप्प होतो. ‘यात काय वेगळं दिसतंय?’ याला कुणीही उत्तर देऊ शकतं. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधता येईल हेही सांगा. अंदाज ठोकून दिलात आणि गटात एक जाणकार निघाला, की उरलेल्या तासाभरातलं तुमचं सगळंच संशयास्पद होतं.

दिसेलच असं कबूल करणं

प्राण्याचं आश्वासन देऊ नका. ठसे, विष्ठा, ओरखडे, अर्धवट खाल्लेलं फळ हे सुरुवातीपासूनच मुख्य विषय म्हणून मांडा, म्हणजे प्राणी दिसला नाही तरी फेरी पडत नाही. गटाच्या आग्रहाखातर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका. हद्दीत प्रतिस्पर्धी आला असं समजून तो खाणं आणि पिलं सोडून धावपळ करतो. रात्रीच्या फेरीत डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे क्षणभर पाहिलं तरी ती मेहनत वाया जाते. निघण्याआधीच फोन खिशात ठेवायला लावा. टॉर्चला लाल कागद लावा.

सभागृहात स्लाइड असतील तर एका स्लाइडवर एकच फोटो ठेवा. हिरव्या पानांतलं लाल फळ दाखवताना भोवती वर्तुळ काढा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बऱ्याच समाजांत लक्षणीय असतं. प्रोजेक्टर बंद पडला तर त्याशिवाय दहा मिनिटं बोलता येईल एवढी सामग्री पिशवीत असू द्या.

नेमकं कुठे फसलं हे कसं ओळखायचं

कार्यक्रमानंतर ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच हाती येतं. त्याऐवजी दोन-तीन जणांना विचारा, ‘घरी गेल्यावर यातलं काय सांगाल?’ उत्तरात नुसती नावं आली तर म्हणणं पोचलेलं नाही, कागदावरच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करा. प्रत्येकाने वेगळीच गोष्ट सांगितली तर मुद्दे जास्त झाले, एक काढा. तुमचं वाक्य त्यांच्या शब्दांत परत आलं तर मांडणीला हात लावू नका. मग तुमच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण केलं असेल तर ते ऐका आणि पहिली श्रोत्याची प्रतिक्रिया किती मिनिटांनी आली ते पाहा. दोन मिनिटांच्या पुढे गेली असेल तर स्वतःची ओळख आणि संस्थेची माहिती शेवटी न्या.