लॅबमधून कंपनी काढताय? या चुका टाळा

लॅबमध्ये ज्या सवयींनी नाव होतं ना, नेमक्या त्याच सवयी कंपनी काढली की नडतात. आमच्या टीमने यातल्या बऱ्याच चुका करून झाल्यात म्हणून लिहितोय, आणि चूक ऑलरेडी झालीच असेल तर पुढे काय करायचं तेही सांगतो.

पहिली सवय म्हणजे रिझल्ट आला की पेपर टाकायचा, कॉन्फरन्सला पोस्टर लावायचं. आता युरोपात पेटंटचा अर्ज करायच्या आधी ती गोष्ट कुठेही जाहीर झाली असेल, अगदी तुमच्याच पोस्टरवर किंवा लायब्ररीत ठेवलेल्या थिसिसमध्ये, तरी ती नवीन धरत नाहीत, विषय संपला. अमेरिकेत स्वतःच्या पेपरला 1 वर्षाची सवलत मिळते, त्यामुळे लोक गाफील राहतात, सगळीकडे असंच असेल म्हणून. त्यामुळे आधी अर्ज, मग पेपर. आणि यासाठी पेपर सहा महिने अडकवून ठेवायची गरज नसते, अमेरिकेत काय किंवा भारतात काय, प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला की तारीख पक्की होते आणि पुढचं सगळं करायला 12 महिने मिळतात. फक्त घाईघाईत दोन पॅरेग्राफ खरडून टाकू नका, जे त्यात लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख लागते. पेपर छापून आलाच असेल तर नेमकी तारीख काढा, अमेरिकेचं वर्ष शिल्लक आहे का बघा, आणि पेपरात काय आलेलं नाही ते शोधा. कॅलिब्रेशन कसं करतो, पार्ट बनवतो कसा, असलं "बोरिंग" म्हणून आपण पेपरात टाकतच नाही, आणि बऱ्याचदा खरा माल तिथेच असतो.

दुसरी चूक म्हणजे मी शोधलं म्हणजे माझं असं समजणं. जॉइन होताना न वाचता सही केलेला कागद आधी काढा. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी आणि रोश या औषध कंपनीची केस यासाठी एकदा बघाच. स्टॅनफर्डच्या एका रिसर्चरने युनिव्हर्सिटीच्या कागदावर "हक्क देईन" अशा अर्थाची सही केली होती, नंतर पीसीआर (डीएनएच्या भरपूर कॉपी काढायची पद्धत) शिकायला सीटस नावाच्या कंपनीत गेला तिथे "याद्वारे हक्क देतो" वर सही केली. देईन आणि देतो! एवढ्या फरकावर कंपनीचा कागद भारी पडला, पुढे सीटसचा तो धंदा रोशने घेतला होता आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातही युनिव्हर्सिटी हरली. तेव्हा ज्याचा ज्याचा हात लागलाय त्यांची यादी करा, उन्हाळ्यात कोड लिहून गेलेला इंटर्नसुद्धा, आणि सह्या आत्ताच घ्या, इन्व्हेस्टर दारात आल्यावर तो इंटर्न फोन उचलत नाही. पेटंट युनिव्हर्सिटीचंच निघालं आणि ते वापरायच्या लायसन्ससाठी कॅश नसेल तर शेअर्सचं बोला, गूगलने तेच केलं होतं. पेजरँकचं, म्हणजे सर्चमध्ये कुठलं पेज वर दाखवायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं, बदल्यात मिळालेले शेअर्स त्यांनी 2005 पर्यंत विकले आणि सुमारे 33.6 कोटी डॉलर आले.

आता डेमो, इथे आमची चांगलीच जिरली. मोटरच्या बेअरिंगची व्हायब्रेशन मोजणारा आमचा सेन्सर लॅबमध्ये झकास चालायचा, ग्राफ इतका स्वच्छ की पेपरात तसाच लावला. फॅक्टरीत नेला तर शेजारचं ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं युनिट) सुरू झालं की रीडिंग उड्या मारायला लागलं. तीन आठवडे आम्ही अल्गोरिदमला शिव्या घालत फिल्टर बदलत बसलो, आणि शेवटी निघालं काय, तर लॅबमध्ये लॅपटॉप नेहमी बॅटरीवर असायचा आणि तिथे चार्जर लावलेला, अर्थिंगचा लूप झाला होता (दोन ठिकाणी अर्थ लागला की त्या वाटेने नको तो करंट फिरतो), त्यात आमची सेन्सरची वायर साधी, शील्ड नसलेली. चार्जर काढला, ग्राफ सरळ! म्हणून साइटवर गडबड झाली की कोड उघडायच्या आधी पॉवर, अर्थ, वायर, तापमान, या क्रमाने बघा. आणि ज्याने बनवलं त्याला बाजूला बसवून दुसऱ्या कुणाकडून फक्त कागद वाचून दहा पीस बनवून घ्या. पेपरात बेस्ट रिझल्ट छापतात, विकताना सगळ्यात वाईट पीस मोजला जातो.

शेअर्सचं पेपरच्या ऑथर लिस्टसारखं करू नका, सगळ्यांना समान वाटून मोकळं व्हायचं वगैरे. सर प्रोफेसरकी सोडणार नसतील तर फुलटायमरच्या बरोबरीचा हिस्सा नको, आणि सगळ्यांनाच चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर्स एकदम नाही, काम करत राहाल तसे हळूहळू नावावर), सरांनाही. अवघड बोलणं आहे, पण पैसे यायच्या आधीच उरकून घ्या.

आणि हो, कस्टमरकडे पहिल्या मीटिंगला स्लाइड्स नेऊ नका. आम्ही 22 स्लाइड्स अॅक्युरसीवर नेल्या होत्या. मेंटेनन्सच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, रात्री दोनला हे बंद पडलं तर येणार कोण? आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो.