जनरेटर फिरतो, पण करंट देत नाही? या चुका टाळा

लग्नसराई आणि चन्याचं ओलित, या दोन हंगामांत माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात एकच वाक्य रोज कानावर पडतं: "भाऊ, इंजिन तं चालू हाये, पन करंट नाही येऊन राह्यला." यातल्या बऱ्याच मशीनची वाइंडिंग शाबूत असते. बिघडलेलं असतं ते चालवण्याचं तंत्र.

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलता राहिला की तारेत वीज तयार होते, हे फॅरेडेने 1831 साली दाखवलं. आपल्या जनरेटरमध्ये मधला फिरणारा रोटर म्हणजे डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) देऊन बनवलेला चुंबक आणि त्याभोवतीचा स्टेटर म्हणजे वेटोळं. समोरून उत्तर ध्रुव गेला की करंट एका दिशेनं, दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेनं. म्हणून ही एसी. चार पोलच्या, म्हणजे चार ध्रुवांच्या, मशीनने मिनिटाला 1500 फेरे मारले की 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, मिळतात. चंद्रपूरच्या वीज केंद्रातल्या मोठ्या सेटला पोल दोनच, म्हणून तो 3000 फेऱ्यांनी फिरतो. हर्ट्झ तेच 50. एवढं ध्यानात ठेवा: हर्ट्झ ठरतात फेऱ्यांवर, आणि फेरे कायम असतील तर व्होल्टेज सांभाळायचं ते चुंबकाच्या जोरावर.

या दोन गोष्टींची गल्लत झाली की नुकसान ठरलेलं. मीही ते केलंय. शिकाऊ असताना एका मांडवात कूलर लावले आणि लाइट मंद झाले. मी इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळून इंजिन पळवलं. लाइट लखलखले, मला शाबासकी मिळाली. जेवणं आटोपल्यावर कूलर एकदम बंद झाले, लोड उतरला, व्होल्टेज उसळलं आणि मांडवातले बल्ब पटापट उडाले. भरपाई उस्तादानं दिली. तेव्हापासून हर्ट्झ दाखवणारं मीटर लावल्याशिवाय मी त्या स्क्रूला हात लावत नाही. साध्या गव्हर्नरच्या सेटवर रिकामं असताना 51-52 आणि पूर्ण लोडवर 50, इतपत फरक चालतो.

याच्या उलटी चूक डिझेल वाचवणाऱ्यांची. ते फेरे कमी करून सेट तासन्‌तास चालवतात. फेरे घटले की एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारं कार्ड, व्होल्टेज टिकवण्यासाठी रोटरमध्ये जास्त डीसी ढकलतो. रोटर तापतो, एव्हीआर जळतो, आणि वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

आता "करंट येत नाही" याकडे वळू. दिवाळीनंतर कोठ्यात ठेवलेला सेट वैशाखात काढला, इंजिन झकास चाललं, पण मीटरवर 3-4 व्होल्ट. अशा वेळी लगेच वाइंडिंग उकलू नका. आधी इंजिन बंद करून ब्रशचं झाकण उघडा. ब्रश म्हणजे कार्बनचे ठोकळे; ते रोटरवरच्या स्लिप रिंग नावाच्या कड्यांना टेकून फिरत्या रोटरला डीसी पोचवतात. मागच्या महिन्यात आलेल्या एका सेटमध्ये स्लिप रिंगवर कापसाच्या तंतूंची आणि कार्बनच्या भुकटीची काळी चिकट गादी बसली होती, आणि एका ब्रशची स्प्रिंग गंजून अडकली होती. ब्रश रिंगला टेकतच नव्हता. बारीक पॉलिश पेपर फिरवला, स्प्रिंग बदलली, सेट 230 वर आला. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही तेव्हाच बघा.

ब्रश ठीक असूनही व्होल्टेज नसेल, तर रोटरच्या लोखंडात शिल्लक राहणारं थोडंसं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. त्यावरच वीज बनायला सुरुवात होते. एव्हीआरच्या तारा सोडून 12 व्होल्टच्या बॅटरीनं, प्लसला प्लस जुळवून, रोटरला काही सेकंद डीसी दिली की ते परत येतं. हे जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. एव्हीआर जोडलेला ठेवून दिली तर तो तिथंच खलास. लोड चालू ठेवून इंजिन बंद करायची सवय लहान सेटचं हे चुंबकत्व घालवते. आधी लोड काढा, मग इंजिन.

विहिरीवरच्या मोटारीसाठी सेट घेताना फक्त एचपी पाहू नका. केव्हीए म्हणजे सेटची एकूण क्षमता, आणि पॉवर फॅक्टर म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा. 5 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला 4 किलोवॅट. 3 एचपीची मोटार चालू होताना नेहमीच्या सहा पटींपर्यंत करंट ओढते. पूर्ण व्होल्टेज एकदम देणाऱ्या थेट स्टार्टरवर तिला 10 केव्हीए धरा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसून जनरेटर जोडू नका. तुमची वीज उलटी डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, जाते, तिथं हजारो व्होल्ट होऊन 11 हजारच्या लाइनवर चढते, आणि खांबावर लाइन बंद समजून चढलेला लाइनमन त्यात सापडतो. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवा. मधल्या खटक्यावर दोन्हीकडचा पुरवठा तुटतो, हे मीटर लावून एकदा तपासून घ्या.

अर्थिंगचं म्हणाल तर आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम, पण एप्रिलात ती भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड नुसता हवेत उभा राहतो. उन्हाळाभर त्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकत जा.