मृग बहाराचं डाळिंब: कच्चं तोडू नका

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात मृग बहारातला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा, भगवा वाणाचा डाळिंब आता तोडणीला येतोय. दर चढला की व्यापारी बागेत येऊन म्हणतो, "थोडी कच्ची असली तरी द्या, वाटेत पिकतील." पिकत नाहीत. आंबा अढीत पिकतो, केळी इथिलीनच्या खोलीत पिकते. डाळिंबाचं पिकणं मात्र देठ तुटला की थांबतं. दाण्यात जेवढी गोडी झाडावर भरली, तेवढीच ग्राहकाच्या तोंडी लागणार.

भगवा फुलापासून साधारण 180 ते 190 दिवसांत तयार होतो, पण नुसते दिवस मोजून तोडू नका. फळाची गोलाई मोडून बाजू किंचित चपट्या होतात, फळाच्या टोकावरच्या मुकुटाच्या पाकळ्या आत वळतात, टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. एवढं दिसल्यावरही बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली चार-पाच फळं फोडून दाण्याचा रंग आणि चव बघाच. रसाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आकडा 15 ब्रिक्सच्या (गोडीचं माप) पुढं गेल्याशिवाय हात लावू नका.

दव वाळल्यावरच तोडणी धरा. फळ ओढू नका, कात्रीनं सालीलगत देठ कापा. लांब राहिलेला देठ कॅरेटमध्ये शेजारच्या फळात घुसतो आणि तिथूनच सड लागते.

मुकुटाकडं नीट बघा. आतल्या वाळलेल्या केसरांत पिठ्या ढेकूण दडून बसतो. वरून फळ स्वच्छ दिसतं आणि निर्यातीचा माल त्याच्यापायी नाकारला जातो. मऊ ब्रश किंवा हवेच्या झोतानं मुकुट साफ करा. बारीक भोक आणि त्यातून आलेली विष्ठा दिसली, तर फळ पोखरणारी अळी आत आहे. असं फळ झाडाखाली टाकलं तर अळी तिथंच कोषात जाते आणि तिचं फुलपाखरू पुढच्या बहाराला हजर होतं. गोळा करून खोल पुरा. तोडणीच्या तोंडावर फवारणी करायचीच झाली, तर लेबलवर दिलेला काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पाळा. तेल्या रोगाचे डाग पडलेली आणि तडकलेली फळं सगळ्यात आधी बाजूला काढा.

माल थांबवायचा असेल तर 5 ते 7 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता लागते. आर्द्रता कमी पडली की साल चामड्यासारखी होते आणि वजन घटतं. पाच अंशांखाली गेलं तर आतले पांढरे पडदे तपकिरी पडतात, दाणे फिके होतात. शीतगृहात बटाटे-भाज्यांच्या हिशेबानं तापमान ठेवलेलं असू शकतं, म्हणून कॅरेट उतरवण्याआधी तिथला आकडा स्वतः बघा. शंका असेल तर सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. एक-दोन फळं सोबत घेऊन जा.